पूर्वेची गॅलरी भक्कम आहे

महिपती चोपडे एका सकाळी गजाच्या टपरीवर चहा घेताना सहज म्हणाले, "आज सोमवार," आणि टपरीवरच्या सगळ्यांनी खिशातून फोन काढून 'खोटं'चं बटण दाबलं.

त्या दिवशी सोमवारच होता. कॅलेंडर टपरीच्या खांबालाच टांगलेलं होतं, पण तिकडे मान वळवायची तसदी कुणी घेतली नाही. उशाप्पा न्हाव्यानं तर मनाशी ताळा केला की आबा सोमवार म्हणतायत, म्हणजे सोमवार नक्कीच नाही. तांबेखडीत सोमवारी न्हाव्याची दुकानं बंद असतात. यानं जाऊन दुकान उघडलं आणि दुपारपर्यंत दोघातिघांच्या दाढ्याही करून टाकल्या. मी हे वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर थोडं थांबा. पुढे याहून वाईट आहे.

महिपतीआबा कुस्तीचे निवेदक. आसपासच्या पंचक्रोशीत मैदान म्हटलं की माइकवर आबाच असणार, हे गृहीत धरलेलं. कोणता पैलवान कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, त्या वस्तादानं कोणत्या जत्रेत कुणाला कोणत्या डावावर चीतपट केलं, हे सगळं त्यांना मुखपाठ. त्यांचा आवाज म्हणजे तापलेल्या कढईत पडलेली फोडणी. लांबून ऐकूनसुद्धा माणसाची भूक चाळवायची. पण आवाजापेक्षा लोक मानायचे ते त्यांच्या शब्दाला. डोळ्यांनी दिसलं तेवढंच माइकवर बोलायचं, हा त्यांचा नेम. एकदा एका बड्या देणगीदारानं बरोबरीत सुटलेली कुस्ती आपल्या पैलवानानं मारली असं जाहीर करायला सांगितलं. आबांनी माइक बंद करून बाकावर ठेवला आणि घरचा रस्ता धरला. निम्मं मैदान त्यांच्या मागोमाग उठून आलं. अशा माणसानं सांगितलेला वार लोकांना खोटा वाटावा, याला कारण त्यांची स्वतःची लेक.

वैजयंता हायस्कुलात शिक्षिका. जावई कर्नाटकात साखर कारखान्यावर केमिस्ट, त्यामुळे ती आणि तिची सातवीतली शर्वरी आबांच्याच घरी. शाळेत वैजयंता माध्यम-साक्षरता शिकवायची. त्या काळात हा विषय गणिताइतकाच सक्तीचा झाला होता. कारण उघड होतं. कुणाच्याही तोंडून काहीही वदवणाऱ्या चित्रफिती कुणीही घरबसल्या करत होतं. जिवंत माणसांना श्रद्धांजल्या वाहिल्या जात होत्या आणि मेलेली माणसं मतं मागत होती. तेव्हा सरकारनं 'पारख' नावाचं यंत्र आणलं. पोरांना शाळेत आणि मोठ्यांना घरीच, खरंखोटं ओळखायला शिकवणारं.

पारख कसं चालायचं ते सांगतो. खोटं बनवणाऱ्या यंत्रांच्या पोटात बहुधा दोन भाग असतात. एक बनवतो, दुसरा पकडतो. दुसऱ्यानं पकडलं की पहिला सुधारतो, पहिला सुधारला की दुसऱ्याला आणखी बारीक बघावं लागतं. तालमीत दोन पैलवान रोज एकमेकांशी लढून तयार होतात, तसंच. पारखमध्ये बनवणारा भाग ठेवला आणि पकडणाऱ्याच्या जागी माणसाला उभं केलं. यंत्र दिवसभरात केव्हाही, कुठूनही एखादी थाप सोडायचं. फोनवर, टीव्हीवर, एसटी स्टँडच्या भोंग्यावर. ऐकणाऱ्यानं ती ओळखून 'खोटं' दाबलं की फोन 'टुंग' वाजायचा आणि एक मार्क पडायचा. ज्या घराचे मार्क जास्त, त्याच्या दारावर 'जागरूक कुटुंब' अशी पाटी लागायची आणि एसटीला सवलत मिळायची.

कल्पना वाईट नव्हती. सुरुवातीला यंत्रानं डॉक्टर, हेडमास्तर, सरपंच असे पुष्कळ आवाज वापरले. वैजयंतानंच आबांना गळ घातली की, लोकांचा ज्या आवाजावर विश्वास आहे तो आवाज थाप मारताना ऐकला तरच त्यांना सावध राहायची सवय लागेल. आबांनी लेकीसाठी शाळेत बसून तासभर काहीबाही वाचून दाखवलं. तेवढ्यावर यंत्र त्यांच्या आवाजात काय वाट्टेल ते बोलू लागलं.

पहिल्या परीक्षेत सगळा तालुका आपटला. आबांच्या आवाजात आलेली थाप एकालाही ओळखता आली नाही. पालक चिडले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि जिल्ह्याच्या कार्यालयातून पारखला नवा हुकूम गेला: निकाल वाढला पाहिजे. यंत्राला हुकमामागचा हेतू कळत नाही, हुकूम मात्र नेमका कळतो. निकाल वाढवायची सगळ्यात सोपी वाट त्यानं शोधली. बाकीचे आवाज त्यानं हळूहळू सोडून दिले आणि प्रत्येक थाप एकाच आवाजात मारायला सुरुवात केली. महिपतीआबांच्या.

लोकांनीही सोपी वाट धरली. काय सांगितलंय, कोण सांगतंय, त्याला कसं कळलं, हे बघत बसायची गरजच उरली नाही. आबांचा आवाज आला की अंगठा दाबायचा. त्यातून खऱ्याला खोटं म्हटलं तर मार्क कापायची सोय पारखमध्ये नव्हतीच. त्यामुळे हाडामांसाचे आबा समोर बसून बोलत असले तरी लोक दाबायचे. लागला तर मार्क, नाही तर जातंय काय. तालुक्याचा निकाल शंभर टक्क्यांवर गेला.

आबांचं आयुष्य मात्र नासलं. मेडिकलवाल्याला ते म्हणाले, पैसे दिलेत, तर त्यानं पुन्हा मागितले. शेजारच्या म्हातारीला 'म्हशीनं दावं तोडलंय' म्हणून सांगितलं, तर तिनं आधी पदराखालचा फोन काढून दाबला आणि म्हैस पार ओढ्यापलीकडे गेल्यावर आबांनाच शिव्या घातल्या, नीट सांगता येत नाही का म्हणून. घरात शर्वरीही तशीच. आबा म्हणायचे, बाळ, दूध उतू जातंय. टुंग नाही वाजलं तरी पोरगी फोनकडे बघत राहायची आणि दूध शेगडीवर.

ते वैजयंतावर चिडायचे. ती आधी समजूत घालायची, मग निकालाचे आकडे दाखवायची. एकदा त्यांनी ताटावरूनच विचारलं की, तुझ्या पोरांना खरं ओळखता येतं का? ती म्हणाली, "आबा, अभ्यासक्रमात खोटं ओळखणं आहे." त्यांनी पुढचा घास घेतला नाही. हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला गेले.

कार्यालयातले हिंगमिरे साहेब फार सभ्य गृहस्थ. त्यांनी आबांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की तक्रार नोंदवता येईल, पण आधी तक्रारदार अस्सल आहे याची आवाजावरून खातरजमा करावी लागते. आबा यंत्रासमोर आपलं नाव बोलले. यंत्रानं सांगितलं: नक्कल. आबांनी पुन्हा सांगितलं, गावासकट, बापाच्या नावासकट. यंत्र म्हणालं: सुधारित नक्कल. हिंगमिऱ्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी आणखी एक चहा मागवला.

अशात चैत्रातली जत्रा आली. मैदान समितीचे अध्यक्ष तातोबा मगदूम स्वतः बोलवायला आले. आबांना आशा वाटली. त्यांचं म्हणणं असं की टपरीवर, घरात, बाजारात माणूस शब्दावर चालतो. मैदानात लोकांच्या डोळ्यांसमोर पाठीला माती लागते आणि त्याच क्षणी निवेदक ती सांगतो. तिथं आपलं बोलणं आणि लोकांचं बघणं एकाच जागी येईल. निदान तिथं तरी आपला शब्द आपल्याला परत मिळेल. सकाळीच त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, फेटा बांधून घेतला आणि माइकला हात जोडले.

गर्दी मात्र भलत्याच कारणानं लोटली होती. आबा दिवसभर बोलणार म्हणजे दिवसभर बटण दाबता येणार, अधूनमधून पारखही भोंग्यात शिरणार, बसल्या जागी मार्कांची लूट होणार, असा हिशेब सगळ्या तालुक्यानं केला होता. ज्यांनी उभ्या जन्मात आखाडा पाहिला नव्हता तेही पोराबाळांसकट आले. मैदानाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला लोखंडी पाइपांच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभारल्या होत्या. पूर्वेच्या गॅलरीला सावली, म्हणून सगळी झुंबड तिकडेच. वैजयंता आणि शर्वरीही वर्गातल्या पोरांसकट तिथंच बसल्या, मधोमध.

हलगी कडाडली, जोडी आत आली, शड्डू घुमले. आबांनी पैलवानांची नावं सांगितली. अंगठे खाली. वस्तादांची नावं सांगितली. अंगठे खाली. एका पोरानं ढाक डाव टाकून दुसऱ्याला डोळ्यांचं पातं लवायच्या आत आस्मान दाखवलं आणि आबा फोडणीच्या आवाजात गरजले. मैदानावर टाळी नाही. हजारो माना खाली, हजारो अंगठे फोनवर. जिंकलेला पोरगा बिचारा लाल मातीत उभा राहून चौफेर बघत होता, आपण खरंच जिंकलो का म्हणून. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलंसुद्धा, "खालचा कोण हुता रं?"

आबांनी नजर वर केली ती समोरच्या गॅलरीवर गेली. समितीनं तिथल्या सर्वांत वरच्या रांगेत मानाच्या पाहुण्यांना बसवलं होतं, सगळ्यांना एकसारखे गुलाबी फेटे. सकाळी ती गुलाबी रेघ दोरी ओढल्यासारखी सरळ होती. आता ती मध्ये लवली होती. आबांनी डोळे बारीक केले. बघता बघता ती आणखी लवली, वाळत घातलेल्या धोतरासारखी. फेटे तर उतरत नव्हते. म्हणजे गॅलरी उतरत होती.

"पूर्वेच्या गॅलरीतली मंडळी, ताबडतोब खाली उतरा. गॅलरी बसायला लागलीय."

हजारो अंगठे. एकही माणूस उठला नाही. उलट पुष्कळांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, कारण ही थाप ओळखायला फारच सोपी होती. आबांनी पुन्हा सांगितलं. हात जोडून सांगितलं. वैजयंताचं नाव घेऊन सांगितलं, शर्वरीचं नाव घेऊन सांगितलं. लेक त्यांच्याकडे बघून मंद हसली. वर्गातल्या पोरांना म्हणाली असणार, बघा, यंत्र आता नातेवाइकांची नावंही वापरतं. आबांनी हलगीवाल्या दस्तगीरच्या हातात माइक दिला. तो घाबरत घाबरत तेच बोलला, पण भोंगा तोच होता. लोकांना वाटलं, पारखनं नवा आवाज काढला. लोकांनी त्याचंही दाबलं.

मगदूम धावत आले आणि माइक झाकून धरत कुजबुजले, "आबा, का मैदान बिघडवताय? रागावला असाल तर समितीवर रागवा."

आबांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. मगदुमांनी तिकडे बघण्याआधी आपला फोन काढला.

तेव्हा आबांना काय झालं कोण जाणे. हा माणूस माइकवर कधी खोटं बोलला नव्हता, देणगीदारासाठी नाही, समितीसाठी नाही, स्वतःसाठी नाही. त्यांनी मगदुमांचा हात बाजूला सारला. फेटा काढून खाली ठेवला. आणि अत्यंत निवांत आवाजात म्हणाले, "मंडळी, पूर्वेची गॅलरी भक्कम आहे. कुणीही जागचं हलू नका."

पुन्हा हजारो अंगठे खाली.

फोनवर प्रत्येक वाक्य अक्षरांत उमटायचं आणि त्याखाली आपण दिलेला निर्णय. शर्वरीनं बटण दाबलं आणि पडद्यावर वाचलं: 'पूर्वेची गॅलरी भक्कम आहे.' खाली लाल अक्षरांत: 'खोटं.' ती एकदा वाचून थांबली, पुन्हा वाचलं, आणि आईचा हात धरून उठली. तिच्या आसपासच्या पोरांनीही तेच वाचलं होतं. माणसं उठायला लागली.

आबा बोलतच राहिले. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, आवाज मात्र लोण्यासारखा. खुशाल ढकलाढकली करा म्हणाले. लोक रांगेत उतरू लागले. पोरंबाळं शेवटी ठेवा म्हणाले. बायका-पोरांना आधी वाट मिळाली. म्हाताऱ्यांकडे बघू नका म्हणाले. दोन तरण्या पोरांनी एका आजीला खुर्चीसकट उचलून आणलं. मधल्या जिन्यावरूनच उतरा म्हणाले, कारण मधला भागच खचत होता. सगळे कडेच्या जिन्यांकडे वळले. इतकी शिस्त तांबेखडीत पूर्वी कुणी पाहिली नव्हती, पुढेही पाहिली नाही.

शेवटचा गुलाबी फेटा जमिनीवर आला आणि पूर्वेची गॅलरी मधोमध दुमडली. आवाज असा झाला की पलीकडच्या गावची कुत्री भुंकायला लागली. धूळ खाली बसली तेव्हा पाइपांच्या ढिगात चपला, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी छत्रीचा दांडा एवढंच होतं.

लोकांनी आबांना खांद्यावर घेतलं. ते ओरडत होते की मला खाली ठेवा. लोकांनी आणखी उंच उचललं.

दुसऱ्या दिवशी वैजयंता त्यांना घेऊन जिल्ह्याला गेली. हिंगमिऱ्यांच्या समोर ती उभ्यानंच बोलली. खऱ्या इशाऱ्याला सगळ्या गॅलरीनं खोटं म्हटलं, मी स्वतः म्हटलं, मी शिक्षिका आहे. खरं ओळखण्याला मार्क द्या, चुकीच्या संशयाचे मार्क कापा, आणि हा एकच आवाज वापरणं बंद करा, एवढंच तिचं मागणं होतं. हिंगमिऱ्यांनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे फिरवला. आकडे आधीच येऊन पडले होते. 'गॅलरी भक्कम आहे' हे असत्य विधान नागरिकांनी शंभर टक्के अचूक ओळखलं होतं. त्याआधीच्या इशाऱ्यांची नोंदच नव्हती, कारण खऱ्या विधानांचं मोजमाप पारख करत नाही.

"साहेब, माझी पोरगी त्या गॅलरीत होती," वैजयंता म्हणाली.

"आणि ती सुखरूप उतरली ना बाई? म्हणजे शिक्षण पोचलं."

त्यांना मनापासून आनंद झाला होता. आबांचा आवाज आता सगळ्या जिल्ह्यांत न्यायचं ठरतंय, अशी गोड बातमीही त्यांनीच दिली आणि चहा मागवला. परत येताना एसटीत वैजयंता एकदाच म्हणाली की चूक झाली, आबा. खिडकीकडे तोंड करून म्हणाली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गावात नवीच तऱ्हा सुरू झाली होती. आता लोक आबांना बोलायला लावून नेमकं उलटं करू लागले. मेडिकलवाला विचारायचा, आबा, उद्या गिऱ्हाईक येईल का? तातोबा मगदूम विचारायचे, निवडणुकीला उभा राहू का? आबा गप्प बसले तर गप्प बसण्याचाही उलटा अर्थ काढायचे. पूर्वी आपल्याला सगळे खोटं समजतात म्हणून ते चिडायचे. आता सगळे आपल्यावर उलट्या बाजूनं अगदी डोळे मिटून विसंबतायत, याची त्यांना जास्त चीड यायला लागली. पहिल्यातही कुणी बघत नव्हतं, दुसऱ्यातही नाही. त्यांनी बोलणंच टाकलं. जेवायला हवं-नकोसुद्धा हातानं सांगायचे.

अशाच एका संध्याकाळी ते अंगणातल्या बाजेवर बसले होते. शर्वरी येऊन पायाशी टेकली. ओढणीच्या टोकाशी खेळली. मग म्हणाली, "आबा, गॅलरी पडणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. उलटं बोलणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर पोरीला हो कळलं असतं आणि विषय मिटला असता.

"हो," ते म्हणाले.

तिचा अंगठा सवयीनं फोनवर गेला. तिथं जाऊन थांबला. तिनं फोन बाजेवर पालथा टाकला.

"कशावरून?"

आबांचं डोकं भडकलं. उभ्या हयातीत महिपती चोपड्याला 'कशावरून' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. ते फाडकन काहीतरी बोलणार होते, पण शब्द ओठांवरच अडला. खोटं म्हणणारे त्यांना हजारो भेटले, खांद्यावर घेऊन नाचणारे भेटले. हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नव्हता. जुन्या काळी सगळे डोळे मिटून खरं मानायचे, तेव्हाही नाही.

त्यांनी फेट्यांची रेघ सांगितली, सकाळी कशी होती आणि नंतर कशी लवत गेली. पोरगी लक्ष देऊन ऐकत होती, पण चेहऱ्यावरची शंका जाईना. म्हणाली की मी तर त्याच गॅलरीत होते, मला काहीच वाकलेलं जाणवलं नाही. जे आत बसलेत त्यांना नाही जाणवत, आबा म्हणाले, समोरून बघावं लागतं. ती म्हणाली, "मग दाखवा."

दोघं मैदानावर गेली. पूर्वेचा ढीग कुणी अजून उचलला नव्हता. पश्चिमेची गॅलरी उभी होती, आज-उद्या सोडवू म्हणून तशीच राहिलेली, आणि उन्हं उतरताना तिच्या वरच्या पाइपावर उजेडाची एक धार आली होती. आबांनी शर्वरीला माइकच्या जागी उभं केलं. एक डोळा कसा मिटायचा आणि बोट आडवं धरून रेघ कशी ताडायची, ते दाखवलं.

"ही पण वाकलीय का?" तिनं विचारलं.

आबांनी एका नजरेत ताडलं. उत्तर थेट जिभेवर आलं, फोडणीसारखं तडतडत. त्यांनी ते दातांमागे धरून ठेवलं.

"मला नको विचारू," ते म्हणाले. "बघ तू."

शर्वरीनं डोळा मिटला, बोट आडवं धरलं, मग दोन पावलं डावीकडे सरकली आणि पुन्हा धरलं. तिला वेळ लागत होता. आबा शेजारी उभे राहिले.